मूत्राशयाच्या प्रक्रियेआधी प्रतिजैविक: एक मात्रा, आठवडाभराच्या गोळ्या की काहीच नको?

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे तिच्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल हातात येतो, त्यात जंतूंची भरपूर वाढ दाखवलेली असते, चार दिवसांवर मूत्राशयात बोटॉक्स (स्नायू सैल करणारे औषध) देण्याची तारीख ठरलेली असते, आणि रुग्णाला मात्र ना ताप असतो ना कसला त्रास. मज्जारज्जूची दुखापत, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जातंतूंचे आवरण खराब होण्याचा आजार), स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) किंवा पार्किन्सन यांमुळे ज्यांच्या मूत्राशयावरचा मज्जातंतूंचा ताबा सुटलेला आहे, त्यांच्यावर हा प्रसंग वारंवार येतो. तारीख पुढे ढकलावी, आठवडाभर गोळ्या घ्याव्यात, एकच मात्रा घेऊन जावे, की काहीच न घेता जावे, असे चार मार्ग समोर असतात आणि प्रत्येकाचा आग्रह धरणारे कोणी ना कोणी भेटतेच.

आधी त्या अहवालाचा अर्थ पाहू. कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी नळी) कायम ठेवलेला असेल तर दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के व्यक्तींच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, म्हणजे महिनाभरात बहुतेक सगळ्यांच्याच. दिवसातून चार-सहा वेळा स्वतः कॅथेटर घालून लघवी काढणाऱ्यांमध्येही जंतू आढळणे नित्याचे आहे. त्रास नसताना अशा जंतूंवर औषध दिले की ते काही दिवस हटतात आणि त्यांच्या जागी औषधाला दाद न देणारे येऊन बसतात. म्हणूनच इन्फेक्शस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी मज्जारज्जूची दुखापत असलेल्यांमध्ये एरवी असे जंतू शोधूही नयेत आणि त्यांच्यावर उपचारही करू नयेत असे सांगितले आहे. त्याच सूचनांनी अपवाद केला आहे तो मूत्राशयाच्या अस्तराला इजा करणाऱ्या दुर्बिणीच्या प्रक्रियांचा, कारण तिथे आधीपासून असलेल्या जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते.

तेव्हा पहिली तुलना प्रक्रियांची. नुसता कॅथेटर बदलायचा असेल तर सहसा प्रतिजैविकाची गरज नसते. युरोडायनॅमिक तपासणीत बारीक नळीतून मूत्राशय भरून दाब मोजतात. त्यात जखम जवळजवळ होत नाही, आणि मज्जातंतूंचा आजार नसलेल्या सामान्य रुग्णाला त्यासाठी औषध लागत नाही. मात्र याच विषयातील अमेरिकी तज्ज्ञसंघटनेने २०१७ मध्ये मज्जातंतूजन्य मूत्राशयविकार असलेल्यांना तपासणीआधी एक मात्रा द्यावी असे सुचवले आहे. दुर्बिणीतून केवळ आत पाहणे हेही याच पातळीवरचे आहे. बोटॉक्सच्या वेळी २०० युनिट औषध सुमारे ३० ठिकाणी टोचले जाते, म्हणजे अस्तराला ३० छिद्रे पडतात. सर्वांत वरची पायरी मूत्राशयातील खडा फोडण्याची: खड्याच्या पोटात जंतू दडलेले असू शकतात, म्हणून कल्चर निर्जंतुक आले तरी तिथे गाफील राहून चालत नाही.

एक मात्रा की अनेक दिवस, हा खरा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मज्जातंतूजन्य अतिक्रियाशील मूत्राशयासाठी बोटॉक्सला मान्यता दिली. औषधासोबतच्या माहितीपत्रकात आधी १ ते ३ दिवस, त्या दिवशी आणि नंतर १ ते ३ दिवस प्रतिजैविक द्यावे असे म्हटले आहे. उलट २०१९ च्या सूचना दुर्बिणीच्या प्रक्रियांसाठी प्रक्रियेच्या ३० ते ६० मिनिटे आधी सुरू केलेल्या एक किंवा दोन मात्रा पुरेशा मानतात. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे: धोका असतो तो अस्तर उघडे पडते त्या घटकेला, आणि त्या घटकेला रक्तात व लघवीत औषध भरपूर असणे महत्त्वाचे असते. आठवडाभराच्या गोळ्यांनी मूत्राशय कायमचा स्वच्छ होत नाही, विशेषतः कॅथेटरवर जंतूंचा चिकट थर बसलेला असेल तर. मात्र पूर्वी अशाच प्रक्रियेनंतर जंतू रक्तात पसरून रुग्ण अत्यवस्थ झालेला असेल किंवा खडा असेल, तर डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगणे समजण्यासारखे आहे. ताप किंवा इतर लक्षणे असतील तर प्रश्न प्रतिबंधाचा उरतच नाही. आधी संसर्गावर पूर्ण उपचार करावा लागतो, आणि संसर्ग चालू असताना बोटॉक्स देऊ नये हे माहितीपत्रकही स्पष्टच सांगते.

बोटॉक्सनंतरचे सगळेच संसर्ग सुईमुळे होत नाहीत, ही गोष्ट बरीच दुर्लक्षित राहते. औषधाचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. तोवर स्वतःहून लघवी करणाऱ्या व्यक्तीचा मूत्राशय मग नीट रिकामा होईनासा होतो आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्या संसर्गाला प्रक्रियेच्या दिवशीची गोळी, ती एक असो वा सात, अडवू शकत नाही. तिथे उपयोग होतो तो कॅथेटर घालायला आधीच शिकून ठेवण्याचा आणि मूत्राशयात एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी साचू न देण्याचा.

दुसरा फरक कल्चर पाहून औषध निवडणे आणि ठरलेले एकच औषध सगळ्यांना देणे यांतला. मज्जातंतूंचे विकार असलेल्यांनी पूर्वी इतकी प्रतिजैविके घेतलेली असतात की सरसकट दिलेली गोळी नेमक्या त्यांच्याच जंतूंवर निष्प्रभ ठरण्याची शक्यता मोठी असते. म्हणून दुर्बिणीच्या प्रक्रियेआधी कल्चर करून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ते साधारण आठवडाभर आधी करावे, कारण अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, आणि महिन्यापूर्वीच्या अहवालावर विसंबता येत नाही, इतक्या लवकर जंतू बदलतात. नमुना कुठून घेतला यावरही बरेच अवलंबून असते. पिशवीच्या तोटीतून बाटलीत सोडलेली लघवी तपासली तर पिशवीत वाढलेले जंतू मोजले जातात. जुना कॅथेटर काढून नवा घातल्यावर जी ताजी लघवी येते, तीच मूत्राशयाची खरी स्थिती सांगते.

औषधे एकमेकांशेजारी ठेवून पाहताना जंतूंइतकेच लक्ष रुग्णाच्या नेहमीच्या गोळ्यांवर हवे. सिप्रोफ्लोक्सासिन आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे टिझानिडिन ही जोडी वर्ज्य आहे. सिप्रोफ्लोक्सासिनमुळे टिझानिडिनचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते, रक्तदाब कोसळतो आणि माणूस गुंगीत जातो. मणक्याच्या दुखापतीत आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये टिझानिडिन सर्रास दिले जाते, त्यामुळे ही चूक घडायला वेळ लागत नाही. शिवाय सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटातील औषधांनी स्नायुबंध तुटण्याचा आणि मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) बळावण्याचा धोका असतो. जेंटामायसिनच्या गटातील इंजेक्शने बोटॉक्सचा परिणाम वाढवू शकतात, म्हणून माहितीपत्रकाने त्यांना प्रतिबंधक औषधांतून वगळले आहे. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथोक्साझोल एका मात्रेसाठी सोयीचे आहे, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत उतरते, पण ऊतींत आणि रक्तात पुरेसे पोहोचत नाही. जिथे अस्तर टोचले जाणार आहे तिथे ती उणीवच आहे. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून घ्यायची असते, आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंवरही ती चालते. स्पायना बायफिडा असलेल्यांच्या बाबतीत औषधाइतकीच आणखी एक चौकशी आवश्यक ठरते: हातमोजे आणि कॅथेटर लॅटेक्सचे नाहीत ना, कारण या व्यक्तींमध्ये लॅटेक्सची तीव्र ॲलर्जी बरीच आढळते.

रोजच्या प्रतिबंधाचे मार्ग या निर्णयात फारसे मोजायला नकोत. मणक्याच्या दुखापतीच्या ३०५ रुग्णांवरील एका चाचणीत क्रॅनबेरी आणि मेथेनामिन हिप्प्युरेट (लघवीतील जंतू रोखण्यासाठी दिले जाणारे औषध) या दोन्हींचा लाभ दिसला नाही. रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक घेतल्याने स्वतः कॅथेटर घालणाऱ्यांमधील संसर्ग एका ब्रिटिश चाचणीत जवळपास निम्म्यावर आले, पण जंतूंची दाद न देण्याची वृत्तीही वाढली. एका दिवसाच्या प्रक्रियेसाठी एवढी किंमत मोजण्यात अर्थ नाही.

काहीच न घेता जाण्याचा मार्ग निवडला तरी नंतरच्या दोन-तीन दिवसांची तयारी हवी. संवेदना नसलेल्या व्यक्तीला जळजळ जाणवतच नाही. तिच्या बाबतीत ताप, थंडी, अंगाचा वाढलेला ताठरपणा, दोन कॅथेटरच्या मधल्या वेळेत होऊ लागलेली गळती किंवा कारण नसताना आलेली ग्लानी ही चिन्हे पाहायची असतात. लघवी नुसती गढूळ दिसणे किंवा तिला वास येणे हे पुरेसे कारण नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तापामुळे जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात आणि आजाराचा नवा झटका आल्याचा भास होतो. स्टेरॉइड सुरू करण्याआधी लघवी तपासून घ्यावी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा वर मज्जारज्जूला दुखापत असलेल्या व्यक्तीचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम सुटला आणि वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, तर संसर्गाची किंवा मूत्राशय तुंबल्याची शंका घ्यावी. ही तातडीची स्थिती आहे: मदतीसाठी फोन लावतानाच रुग्णाला उठवून ताठ बसवावे, कंबरेचा पट्टा सैल करावा आणि कॅथेटरची नळी कुठे पिळली तर गेली नाही ना, ते पाहावे.