मूतखडा विरघळवणारे थेंब आणि माझा भुऱ्या

भुऱ्या वाळूच्या ट्रेमध्ये बसून राहायचा. उठायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन उकरायचा आणि पुन्हा बसायचा. वाळू मात्र कोरडीच. मधूनच फरशीवर दोन-तीन थेंब दिसायचे, त्यांना गुलाबी छटा. सारखा मागचे पाय फाकवून चाटत बसायचा. तेव्हा तो चार वर्षांचा होता. नसबंदी झालेला, अंगाने भरलेला आणि दिवसभर खिडकीत लोळणारा बोका. त्याचं पोट साफ होत नसेल असं समजून मी पहिला दिवस घालवला. ही चूक पुष्कळांची होते, कारण कुंथणारं मांजर शी करायला बसलंय की लघवीला, हे लांबून कळत नाही.

रात्री मोबाइलवर शोधताना एक जाहिरात समोर आली. मांजरांचा मूतखडा शस्त्रक्रियेविना विरघळवणारे थेंब. खाली शेकडो लोकांचे अनुभव, बऱ्या झालेल्या मांजरांचे फोटो, आणि ‘तज्ज्ञांशी मोफत बोला’ म्हणून एक नंबर. मी भुऱ्याचा व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. पलीकडचा माणूस इतक्या मायेने बोलत होता की मला रडू आलं. ‘ताई, घाबरू नका. हा मूतखडाच आहे, मी रोज अशी मांजरं बघतो. दवाखान्यात नेलंत तर भूल देतील, नळी घालतील. त्यातून किती जगतात ते विचारा एकदा.’

मला भुलीचीच भीती वाटत होती. ते त्याने बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. थेंबांच्या दोन बाटल्या आणि घरी लघवी तपासायच्या पट्ट्यांची एक डबी. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच ठळक छापलेलं. आत काय आहे, किती प्रमाणात आहे, कुणी बनवलं, कुठे बनवलं, यातलं काहीच नव्हतं. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसूनही मी थेंब पाजले.

आणि पाचव्या दिवशी भुऱ्याला मोकळी लघवी झाली. वाळूत मोठा गोळा पाहून मला किती आनंद झाला ते ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनाच कळेल. सहाव्या दिवशी मी त्या जाहिरातीखाली भरभरून लिहिलं, भुऱ्याचा खिडकीतला फोटोही लावला.

इथून खरी फसवणूक सुरू झाली. तो म्हणाला, ‘आता पट्टीने तपासा.’ पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन जांभळा झाला. फोटो पाठवला तर उत्तर आलं की खडा गेला, पण जंतुसंसर्ग आत आहे, कोर्स वाढवावा लागेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा जांभळा. मग मोठी बाटली, मग ‘जुनाट संसर्गासाठी’ वेगळी पावडर, मग दर महिन्याची वर्गणी. भुऱ्या खात होता, खेळत होता, पण पट्टी जांभळी होत होती आणि मी पैसे पाठवत होते. तीन महिने हे चाललं.

मग एका सकाळी तो पुन्हा ट्रेमध्ये बसून राहिला. या वेळी एक थेंबही नाही. मी फोन केला. ‘डोस दुप्पट करा आणि सिरिंजने भरपूर पाणी पाजा. खडा फुटतोय, म्हणून त्रास वाढलाय. ही औषध लागू पडल्याची खूण आहे.’ मी पाणी पाजलं. बाहेर पडायची वाट बंद असलेल्या जनावराला मी पाणी पाजत होते. हे आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं. एका ओळखीच्यांनी पॅरासिटामॉल द्यायलाही सुचवलं होतं, ती मात्र दिली नाही. मांजराला त्या गोळीचा तुकडासुद्धा जीवघेणा ठरू शकतो हे मला नंतर कळलं. संध्याकाळी भुऱ्याला उलटी झाली. तो पलंगाखाली जाऊन बसला, आणि पोटाला हात लावताच असा ओरडला की तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी मी पहाटेपर्यंत थांबले.

डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं आणि पुढचा प्रश्न न विचारता त्याला आत नेलं. मूत्राशय लिंबासारखं टणक झालं होतं. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. श्लेष्मा आणि बारीक स्फटिकांचा बुचासारखा गोळा तिथे अडकला होता. लघवी बाहेर पडली नाही की मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा घाव हृदयावर बसतो. घाबरलेल्या मांजराचे ठोके दवाखान्यात मिनिटाला 180 ते 200 असतात. भुऱ्याचे 100 च्या खाली गेले होते. आधी हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग सलाईन, मग भूल आणि नळी. त्या नळीतून आलेली लघवी काळपट लाल होती. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो, कधी त्याआधीही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘दुपारपर्यंत थांबला असतात, तर मी काही करू शकले नसते.’

दोन दिवस नळी ठेवली होती. वाट मोकळी झाल्यावर लघवीचा इतका लोंढा येतो की मांजर कोरडं पडू शकतं, म्हणून सलाईनही चालू होतं. त्या दोन दिवसांत मी बाटल्या आणि पट्ट्या घेऊन डॉक्टरबाईंपुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जे समजावलं ते मी इथे लिहिते, कारण हे आधी माहीत असतं तर त्या माणसाचं एकही वाक्य माझ्यापुढे टिकलं नसतं.

दहा वर्षांखालच्या मांजरांना होणाऱ्या अशा त्रासात निम्म्याहून अधिक वेळा खडाही नसतो आणि जंतूही नसतात. मूत्राशयाला सूज येते, नेमकं कारण सापडत नाही आणि मांजरावरच्या ताणाशी तिचा संबंध असतो. ही सूज बहुतेकदा 5 ते 7 दिवसांत आपोआप ओसरते आणि पुढे कधीतरी परत येते. म्हणजे पहिल्या वेळी मी नुसतं पाणी पाजलं असतं तरी पाचव्या दिवशी बहुधा तेच घडलं असतं. तिथले शेकडो ‘अनुभव’ खोटे असायचीही गरज नाही. माझा खरा होता. फक्त त्याचं श्रेय थेंबांचं नव्हतं.

आणि पट्ट्या! त्या माणसांच्या लघवीसाठीच्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावरचा पांढऱ्या पेशींचा चौकोन मांजराच्या लघवीत विश्वासाचा नसतो, निरोगी मांजरातही तो रंग बदलतो. पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात आणि जंतूंसाठी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी, लावावं लागतं. तरुण मांजरात जंतुसंसर्ग तसाही क्वचित, म्हातारपणी तो वाढतो. त्या माणसाला हे ठाऊक होतं की नव्हतं, सांगता येणार नाही. पण ज्या तपासणीचं उत्तर नेहमी ‘आजारी’ असंच येतं, तिच्यावर वर्गणी बिनबोभाट चालते.

खडे विरघळवण्याचंही तेच. खडे वेगवेगळ्या क्षारांचे असतात. स्ट्रुवाइट नावाच्या क्षाराचे खडे डॉक्टरांनी ठरवलेल्या खास आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे कशानेही विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. लघवी आम्लधर्मी करणाऱ्या गोष्टी पहिला प्रकार विरघळवायला उपयोगी असल्या तरी दुसऱ्याला पोषक ठरू शकतात. खडा आहे का आणि असला तर कोणता असावा, हे ठरवायला एक्स-रे, सोनोग्राफी आणि ताज्या लघवीची तपासणी लागते. व्हिडिओ पाहून कुणालाही ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी पैसे परत मागितले. आधी म्हणाला, कोर्स अर्धवट सोडलात. मग म्हणाला, दवाखान्यातल्या नळीनेच बिघडवलं. मी डॉक्टरांचा अहवाल पाठवला, त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. पैशांचं मी सोडून दिलंय.

तुमचा बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसत असेल आणि वाळू कोरडी असेल, तर फोनवर कुणाशीही बोलत बसू नका. रात्र असली तरी उचला आणि दवाखान्यात न्या. वाट बंद आहे की नाही हे डॉक्टरांना पोट चाचपून कळतं. मांजरीची नलिका रुंद असल्याने ती सहसा अशी अडत नाही, तरी तिलाही दाखवायलाच हवं. ‘त्रास वाढणं चांगलं’ असं जो म्हणेल, त्याचा फोन तिथेच ठेवा.

भुऱ्या आता बरा आहे. कोरड्या खाण्याऐवजी ओलं खातो, पाण्याची भांडी तीन ठिकाणी आहेत आणि त्याच्या एकट्यासाठी दोन ट्रे. गेल्या तपासणीला लघवी स्वच्छ आली. त्याच नमुन्यात मी डबीतली उरलेली एक पट्टी बुडवली. चौकोन जांभळा झाला.

ती जाहिरात अजून चालू आहे. माझं सहाव्या दिवशीचं कौतुक तिथे वरच्या बाजूला आहे. काढून टाका म्हणून मी तीनदा कळवलं, कुणी दाद दिली नाही. खिडकीत झोपलेला, शेपटीचं टोक पांढरं असलेला राखाडी बोका तुम्हाला तिथे दिसला, तर तो माझा भुऱ्या आहे. तो त्या थेंबांनी बरा झालेला नाही.