घरगुती फ्रेटवायर बेंडर, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलं होतं एका वायसरवर

मे महिन्यातच लिहायला बसलो होतो. तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून बरं झालं कंटाळा केला ते.

गिटार साधी, अकूस्टिक, सात हजारांची. पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, वाजवायच्या तारांनी खड्डे पाडलेले. पुण्यातल्या एका दुकानाने रिफ्रेटचे, म्हणजे जुने फ्रेट काढून नवे बसवण्याचे, साडेचार हजार सांगितले, शिवाय जळगावहून गिटार नेण्या-आणण्याचं माझं मी बघायचं. फ्रेट ज्या तारेचे करतात ती फ्रेटवायर फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवरच्या पट्टीच्या, गोलाईत वाकवावी लागते. ती वाकवणाऱ्या तयार बेंडरचा भाव बघितला आणि मोबाइल खाली ठेवला. २० फ्रेटना लागते सव्वा मीटरच्या आसपास तार, ती वाकवायला एवढं?

पहिला प्रयोग पक्कड आणि अंगठा. तार वाकते, पण गोल नाही, टप्प्याटप्प्याने मोडल्यासारखी. दुसरा प्रयोग सागवानाचा तुकडा. त्याला गोलाई दिली, काठावरून हॅकसॉने खाच पाडली, तारेची खालची पात (फ्रेटबोर्डच्या खाचेत शिरते ती, बारीक दात असलेली) त्या खाचेत बसवली आणि वरून लाकडी हातोडीने ठोकत गेलो. हे बरं जमलं. पण हात सोडला की तार थोडी परत उलगडते, त्यामुळे ठोकळ्याची गोलाई हवी त्यापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते आणि ती किती हे दोन ठोकळे वाया घालवल्यावर कळतं.

शेवटी बेरिंगवालं यंत्र केलं. ६०८ नंबरची चार बेरिंगं, ८ मिमीचे तीन बोल्ट, एक फळी. दोन बाजूंना एकेक बेरिंग, त्यांच्यावर तारेचं डोकं, म्हणजे वरचा गोल भाग, टेकतं. मधल्या बोल्टवर दोन बेरिंगं जोडीने, त्यांच्यामध्ये फट ठेवायला वायसर आणि त्या फटीत पात. मधला बोल्ट लांबट भोकात, म्हणजे पुढे सरकवून दाब वाढवता येतो. सगळं मिळून तीनशेच्या आत.

आणि तार पिळली. वाकली छान, पण फळीवर ठेवली की जिलबीच्या वेढ्यासारखी एका बाजूला कललेली. पंधरा दिवस मी बोल्टला दोष दिला, मग फळीला, मग सुताराला. कारण होतं मधलं वायसर. ८ मिमीच्या बोल्टचं नेहमीचं वायसर १.६ मिमी जाड असतं, पात दातांसकट जेमतेम मिलिमीटरच्या आत. फट मोठी, त्यात पात डुलते आणि दाब आला की तार आडवी पडते. हार्डवेअरच्या तीन दुकानांत पातळ वायसर मागितलं. "एवढं पातळ कशाले लागतं भो?" एवढंच मिळालं.

मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. त्याची चकती कापली, त्यावर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची दुसरी. चकती लहान हवी, बेरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकेल एवढीच, नाहीतर बेरिंग फिरतच नाही. पहिली मोठी कापली होती, ती घासून गेली. दुसरीनंतर तार अशी बिनपिळाची निघाली की मी बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "कार्डावरचा नंबर तरी खोडायचा."

शेजारी सराफ्यात कारागीर आहेत. तार हातात घेतल्या घेतल्या म्हणाले, जर्मन सिल्व्हर, चांदीचा कणही नाही, थोडी तापवून देतो, लोण्यासारखी वाकेल. नको म्हटलं. तापवून मऊ केली तर वाकेल खरी, पण वाजवायच्या तारांखाली झिजेलही तेवढ्याच लवकर.

तार फ्रेटबोर्डपेक्षा थोडी जास्तच वाकवा. माझा बोर्ड १२ इंची गोलाईचा (हा आकडा त्रिज्येचा, लहान तेवढा वाक जास्त), मी साधारण १० वर नेतो, म्हणजे ठोकताना आधी टोकं बसतात आणि मग मधला भाग दाबून जातो. एका दमात दाबू नका. मधला बोल्ट थोडा पुढे सरकवा, तार ओढा, परत थोडा. आणि आधी तुकडे कापू नका! अशा तीन बोल्टांच्या यंत्रात दोन्ही टोकांची इंच-दीड इंच तार सरळच राहते. मी कापून मोकळा झालो होतो. २० तुकड्यांची ४० टोकं हाताने वाकवली, तो रविवार अजून आठवतो.

आता मे महिन्याचं सांगतो. ४४ अंश, आणि फ्रेटच्या टोकांनी तर्जनी सोलून निघाली. यंत्राला नको ते बोललो. मग भाच्याची गिटार हातात घेतली. कंपनीचे फ्रेट, माझ्या यंत्राने कधी न पाहिलेले, आणि टोकं तशीच बाहेर! नीट बघितलं तर माझे फ्रेट वर उचललेच नव्हते. वाकवण्यात चूक असती तर टोकं वर उठली असती. ही बाजूला आली होती. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, धातू तेवढाच राहतो. ऑगस्टमध्ये बोट फिरवलं, जवळजवळ काही लागलं नाही. मेमध्येच कानस मारायला हवी होती, आळस केला.

गेल्या महिन्यात भाच्याचीही केली, सहा फ्रेट, पिळलेला एकही नाही. हुरूप आला म्हणून वीतभर स्टीलची फ्रेटवायर घालून बघितली. तिने चकतीच चेपली. दुसरी कापायची आहे, पण बायकोचं कार्ड मार्चपर्यंत चालू आहे.