जुना आयफोन घेताना मी मॉडेल तपासलं, हातातला पीस तपासलाच नाही

हे लिहायला मला दीड-दोन महिने लागले कारण आधी नुसता राग येत होता आणि नंतर कुणाला सांगायची लाज वाटायला लागली. पण परवा आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी विचारलं की आयफोन १२ आता घेण्यासारखा राहिलाय का, आणि मला राहवलं नाही. म्हणून सगळं लिहितीये, लांबेल थोडं, पण कुणी जुना फोन घ्यायच्या विचारात असेल तर पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा.

मी कर्वेनगरला राहते, घरून केकच्या ऑर्डरी घेते. आमच्या धंद्यात चव नंतर, आधी फोटो. लोक इन्स्टावर फोटो बघतात आणि मगच फोन करतात. माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा गेलेला, दिवाळी होऊन गेली होती आणि डिसेंबरच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, बजेट २०,००० च्या आत. नवीन आयफोन परवडणार नव्हता म्हणून जुनं मॉडेल घ्यायचं ठरवलं.

आणि अभ्यास मी कमी केला नाही हो. तीन आठवडे रोज रात्री ओटा आवरला की व्हिडिओ बघत बसायचे. आयफोन ११ आधी मनात होता पण तो २०१९ चा, त्याला ५जी नाही आणि स्क्रीन जुन्या पद्धतीची, एलसीडी. १२ हा ऑक्टोबर २०२० चा, ए१४ चिप, जास्त चांगली ओएलईडी स्क्रीन, ५जी आहे. अपडेटचं पण बघितलं, सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ (आयफोनची सिस्टिम) आलं ते १२ ला मिळालं, ११ लाही मिळालं, २०१८ चे एक्सआर आणि एक्सएस मात्र बाहेर राहिले. म्हणजे १२ मध्ये अजून जीव आहे. एआयचे नवीन फीचर त्यात चालत नाहीत, त्याला १५ प्रो किंवा त्याच्या पुढचाच लागतो, पण केकच्या फोटोला मला ते कशाला हवंय. ६४ जीबी घेऊ नका एवढं मात्र खरं, व्हिडिओ काढणाऱ्याला ते पुरतच नाही, मी १२८ चा शोधत होते.

हे सगळं मी आजही चुकीचं म्हणणार नाही. मॉडेल बरोबरच निवडलं होतं. पण तीन आठवडे मी आयफोन १२ या नावाचा अभ्यास केला आणि जो एक फोन माझ्या हातात येणार होता त्याला दुकानात धड पंधरा मिनिटं पण दिली नाहीत.

दुकान पेठेतलं, नाव लिहीत नाही. जिना चढून वर छोटासा गाळा, काचेच्या कपाटात ओळीने आयफोन लावलेले. दुकानदार बोलायला इतका गोड की ताई बसा, ताई चहा घ्या. फोन चकचकीत, एक ओरखडा नाही. म्हणाला कंपनी रिफर्बिश्ड आहे, म्हणजे कंपनीनेच दुरुस्त करून परत विकलेला, आणि बॅटरी हेल्थ, म्हणजे बॅटरीचा मूळ दम किती टक्के उरलाय ते, बघा, १००. मी बघितलं, खरंच १००. खरं तर तिथेच मला थांबायला हवं होतं. पाच वर्षांच्या फोनची बॅटरी १०० असेल तर ती एकतर नवीन टाकलेली असते नाहीतर आकडा खोटा असतो, तिसरं काही नसतंच. पण तेव्हा मला तो आकडा बघून आनंद झाला. भाव २०,००० सांगितला, कॅश दिली तर १९,५००. मी ५०० वाचतायत म्हणून खाली एटीएममधून कॅश काढून आणली. बिल मागितलं तर छोट्या पॅडवर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली, त्यावर फोनचं मॉडेल, रक्कम आणि खाली "टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस". जीएसटी नंबर नाही, आणि आयएमईआय म्हणजे त्या फोनचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर, तोही नाही. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर लागतील म्हणाला, आणि मी राहू दे म्हणाले.

पहिला आठवडा मला काहीच कळलं नाही. फक्त फोटोंचं काहीतरी चुकत होतं. पांढरं व्हिप क्रीम स्क्रीनवर निळसर दिसायचं म्हणून मी एडिट करताना रंग जरा वॉर्म करायचे, मग मला ते पांढरंशुभ्र दिसायचं आणि मी पोस्ट करायचे. बाकीच्यांच्या फोनवर मात्र तेच क्रीम पिवळट, शिळं झाल्यासारखं दिसत होतं. एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी फोन करून विचारलं, "अगं क्रीम बदललंस का तू?" मला इतकं वाईट वाटलं. क्रीम तेच, हात तोच, आणि फोनमुळे माझ्या मालावर शंका.

अकराव्या दिवशी रात्री लाईट गेली. मी फोनवर एक फोटो उघडलेला, बाजूला सगळी काळी पट्टी. अंधारात ती पट्टी काळी दिसेचना, राखाडी उजेड येत होता तिच्यातून, कडेने जरा जास्तच. ओएलईडीत काळं म्हणजे तेवढा भाग बंदच असतो, उजेड येण्याचा प्रश्नच नाही, हे मीच तीन आठवडे व्हिडिओत ऐकलेलं. पोटात गोळा आला. अहोंना उठवलं, त्यांनी पण बघितलं आणि काही बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीच्या रिपेअरवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी फोन उघडला पण नाही आधी. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, खाली पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री, तिथे डिस्प्लेसमोर स्वच्छ लिहिलेलं, अननोन पार्ट. अकरा दिवस ते माझ्या हातात होतं. मग ब्राइटनेसची पट्टी दाबून धरली, ट्रू टोनचं, म्हणजे आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचे रंग जुळवणारं बटणच नाही, मूळ डिस्प्लेला ते असतं. कॉपी डिस्प्ले आहे म्हणाले, तोही एलसीडी, त्यात मागून सतत उजेड असतो, म्हणून काळं काळं दिसत नाही. बॅटरीचं म्हणाले की आकडा मशीनवर चढवून देतात, हल्ली सर्रास चालतं. खरंच होतं ते, माझा फोन ३० टक्क्यांवर असताना दोनदा धाडकन बंद पडलेला आणि मला वाटलं थंडीमुळे असेल.

मग त्यांनी पिन घालून सिमचा ट्रे बाहेर काढला, आत टॉर्च मारली आणि मला म्हणाले, वहिनी इकडे बघा. आत एक बारीक ठिपक्याएवढी पट्टी, लालभडक. ती मुळात पांढरट असते, पाणी लागलं की लाल होते आणि परत पांढरी होत नाही. म्हणजे हा सेट कधीतरी पाण्यात पडलेला, कुणीतरी वाळवून, वरचं सगळं बदलून, पॉलिश करून कपाटात ठेवलेला. आणि कंपनी रिफर्बिश्ड म्हणत होता ना, ते पण खोटं. त्याच अबाउटमध्ये मॉडेल नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर एम असेल तर फोन मूळचा नवीन म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने रिफर्बिश केलेला, एन असेल तर सर्व्हिसमध्ये बदलून दिलेला. माझ्यावर एम होता. कंपनीने त्याला परत हातच लावलेला नव्हता.

दुकानात गेलो. आता ताई नाही, चहा नाही. चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला सात दिवस झाले. मी म्हणलं खोटं बोलून विकलंत तुम्ही, तर म्हणतो डिस्प्ले तुमच्याकडे फुटला नाही कशावरून. आणि याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, कारण चिठ्ठीवर आयएमईआय नव्हता, कॅशचा पुरावा नव्हता. शेवटी अहो चिडले, दोन गिऱ्हाईकं दारात थांबून ऐकायला लागली तेव्हा ४,००० परत दिले आणि ते पण उपकार केल्यासारखे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, नंबर मिळालाय, पण पक्कं बिल आहे का हाच पहिला प्रश्न आला. ते ५०० रुपये आणि तो जीएसटी वाचवायला गेले त्याची ही किंमत.

कळकळीने सांगते, दुकानात लाज वाटू देऊ नका. अबाउटचं पान तिथेच उघडा. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून जो आयएमईआय येतो तो बॉक्सवरच्याशी, बिलावरच्याशी आकडा-आकडा जुळवा. इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस देऊन तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर मेसेज करा, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालाय का ते कळतं, ही सरकारी सोय आहे. आधीच्या मालकाचा ॲपल आयडी (ॲपलचं खातं) फोनमधून निघालाय का बघायला फोन तुमच्यासमोर रीसेट करून घ्या. एक काळा फोटो उघडून ओंजळीत अंधार करून बघा. आणि परदेशातून आणलेला १४ किंवा त्याच्या पुढचा कुणी स्वस्तात देत असेल तर आधी सिमचा ट्रे आहे का बघा, अमेरिकेतल्या मॉडेलला तो नसतोच, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम.

माझा फोन अजून वापरतेय, टाकून द्यायला पैसे कुठेत. फोटो त्यावर काढते आणि रंग अहोंच्या फोनवर बघून मगच पोस्ट करते.

त्या सोसायटीतल्या ताईंबरोबर गेल्या रविवारी मी स्वतः गेले, दुसऱ्या दुकानात. १२ होता, दिसायला छान होता, अबाउटमध्ये पण काही नव्हतं. मी म्हणलं दादा, जरा सिमची पिन द्या. तो म्हणाला पिन नाहीये. मोबाईलच्या दुकानात. आम्ही दोघी उठलो आणि जिना उतरलो.