माणशी दोन मासे की मृग ते पोळा गळ बंद? गटासाठी नियम ठरवताना

नाशिककडच्या दारणा किंवा मुकणे धरणाच्या काठावर बसणाऱ्या कुठल्याही गटात शिस्तीचा विषय निघाला की गाडी फिरून दोनच पर्यायांवर येते. पहिला: वर्षभर गळ चालू, पण दिवसाला माणशी दोनच मासे घरी न्यायचे, बाकीचे परत पाण्यात. दुसरा: पावसाळ्यात विणीच्या काळात गळ पूर्ण बंद, उरलेल्या वर्षात मोजदाद नाही. आमच्या गटाने दोन्ही पाळून पाहिले आहेत आणि सध्या आम्ही बंदीवर आहोत. तुमचं पाणी वेगळं असेल, माणसं वेगळी असतील, त्यामुळे आमचंच बरोबर असा हट्ट नाही. धरण मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर तिची परवानगी आणि तिचे नियम आधी. इथे बोलतोय ते आपण आपल्यावर घालून घ्यायच्या बंधनाबद्दल.

मोजणीवाल्यांचं म्हणणं हलकं नाही. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा उन्हाळ्याचा. शेतीची आवर्तनं सुटत जातात, धरणं तळाला येतात आणि एप्रिल-मेमध्ये उरल्यासुरल्या खोल पाण्यात मासा गोळा होतो. त्या दिवसांत दहा जण ओळीने बसले की डोह रिकामा व्हायला वेळ लागत नाही, आणि पावसाळी बंदी तिथे काहीच करू शकत नाही. दुसरा मुद्दा असा की धरणातला रोहू-कटला बहुतांशी सोडलेला. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण करून दाखवली. त्यामुळे आज मत्स्यबीज केंद्रात तयार झालेली बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, संस्था धरणात सोडू शकतात. जे दुसऱ्याने पैसे देऊन सोडलं, त्यातलं मोजूनच घ्यावं, हे मला पटतं.

पण शिवडा कोण सोडतो? वाम, खडस, मरळ कोण सोडतो? हे मासे आपल्या नद्या-ओहोळांत स्वतःच्या बळावर टिकून आहेत, आणि इथे मोजणीचा नियम आंधळा आहे. त्याच्या लेखी डिसेंबरातला एक मासा आणि जुलैतला एक मासा सारखाच. मरळीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात उथळ पाण्यावर तिच्या केशरी पिल्लांचा घोळका वळवळताना दिसतो आणि त्याखाली आई-बाप राखण करत असतात. पिल्लांजवळ बेडूक टाकला की राखणदार भूक नसतानाही हल्ला करतो. अनेकांना ही खात्रीची जागा वाटते. राखणदार गेला की घोळका इतर माशांच्या तोंडी. गटाच्या हिशेबात त्या दिवशी एकच मासा, नियमात बसणारा. गाभोळीने भरलेल्या मादीचंही तेच. रोहूच्या मादीत किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात, म्हणजे तीन किलोची एक मादी नेली की किती नेलं ते बघा.

तरीही माझा निर्णय या युक्तिवादाने झाला नाही. तो झाला जाळीच्या पिशवीमुळे.

माणशी दोनचा नियम लागला की सकाळी पहिले दोन मासे मिळाल्यावर कोणी उठत नाही. का उठावं? सुट्टीचा दिवस असतो, डबा आणलेला असतो. मग ते दोन मासे जाळीच्या पिशवीत घालून काठाशी पाण्यात टांगायचे आणि गळ चालू ठेवायचा. दुपारी मोठा लागला की पिशवीतला लहान काढून पाण्यात सोडायचा आणि मोठा आत. आणखी मोठा लागला की पुन्हा अदलाबदल. संध्याकाळी प्रत्येकाकडे बरोबर दोन. पण जो सोडला तो मे महिन्याच्या कोमट, उथळ पाण्यात तासन् तास जाळीला घासलेला असतो. अंगावरचा बुळबुळीत थर गेलेला, खवले निघालेले, शेपटी फाटलेली. सोडल्यावर तो जातो, खोल उतरतो, आणि सोडणाऱ्याला समाधान मिळतं. थोड्या वेळाने दहा-वीस हातांवर पांढरं पोट वर येतं. हे मी आमच्याच काठावर इतक्यांदा पाहिलं की पिशवी उघडल्याचा आवाज आला तरी जीव खाली-वर व्हायचा. कोणाला बोलायचं? कोणी नियम मोडलेला नसतो. उलट नियम पाळायचा म्हणूनच तो मासा परत टाकलेला असतो.

यावर उपाय आहे, ‘पिशवीत गेला तो मोजला, बदली नाही’ असा. आम्ही तोही लावला. मग प्रत्येकाच्या पिशवीवर नजर ठेवणं आलं, ‘हा माझ्या पोराच्या वाट्याचा’ हे आलं, आणि वर्षानुवर्षं एका चुलीवरचा चहा प्यायलेली माणसं लांब लांब बसायला लागली. मोजणीला मोजणारा लागतो, आणि मित्रांमध्ये ते काम कोणी करू नये असं मला वाटतं.

मोजणी अवघड जाते ती फक्त आपल्यालाच नाही. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर या माशाला माणशी दोनची मर्यादा आणि वर एकूण कोटा, असा दुहेरी बांध होता. हौशी लोकांनी नेमकं किती धरलं यावर तिथे वर्षानुवर्षं भांडणं झाली. कोटा लवकर संपायचा म्हणून हंगाम आखडत गेला आणि 2017 मध्ये खासगी बोटवाल्यांना केंद्र सरकारच्या हद्दीतल्या समुद्रात फक्त तीन दिवस मिळाले. एवढी ओरड झाली की त्याच उन्हाळ्यात ते वाढवून द्यावे लागले.

बंदीचे दोषही सांगतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) पावसाळ्याशिवाय जानेवारी ते मार्चमध्येही वीण करतो, त्याला आपली बंदी अर्धीच उपयोगी. चिलापी (तिलापिया) 1952 मध्ये देशात आली, ती वर्षातून कितीदा तरी पिल्लं काढते. तिला माझ्या मते दोन्ही नियमांतून मोकळीक द्यावी, हवी तेवढी न्या. इंग्लंडमध्ये नद्यांवरची बंदी, 15 मार्च ते 15 जून, अजून आहे; बहुतेक तळ्यांवरची मात्र 1995 मध्ये उठवली, आणि नदीवरची ठेवावी की नाही यावर तिथले गळवाले आजही एकमेकांशी वाद घालतात. कावेरीवर अभयारण्याच्या हद्दीतली गळाची शिबिरं बंद झाली तेव्हा तिथल्या जुन्या लोकांनी एक भीती बोलून दाखवली होती: गळवाला उठला की नदीवर नजर ठेवणारं कोणी राहत नाही, सुरुंगवाल्यांना रान मोकळं. ही भीती मी गंभीरपणे घेतो. म्हणून आमच्यात बंदी गळाला आहे, काठाला नाही. पावसाळ्यातही आम्ही आळीपाळीने चक्कर मारतो आणि जिलेटीनचा किंवा विषाचा प्रकार दिसला तर कळवतो. सुरुंग आणि विष 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

तारखांचं म्हणाल तर समुद्रातली 1 जून ते 31 जुलैची बंदी जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे मृग लागला की बंद, पोळा झाला की सुरू, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि विणीचा मुख्य काळ त्यात येतो. श्रावण पाळणारे म्हणतात, आम्ही तसंही महिनाभर खात नाही. खरं आहे, पण श्रावण उशिरा येतो. चढणीचा मासा मृग-आर्द्राच्या पहिल्या लोंढ्याला ओहोळात शिरतो, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे आखाड लागतो, घरोघरी मागणी असते. नाशिकला पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्यावर गोदेवर तसंही कोणी बसत नाही. सोडून द्यायचं आहे ते त्याआधीचं, नव्या पाण्याचं पहिलं पंधरवडाभर. मासा तेव्हा फार चांगला लागतो, म्हणून ते जड जातं, आणि म्हणूनच तेच सोडण्यात अर्थ आहे.

तुमचा गट फक्त ठेक्याच्या धरणावर सोडलेल्या रोहू-कटल्यामागे जात असेल, तर मोजणी घ्या, पण जाळीची पिशवी पहिल्या दिवशीच घरी ठेवा: न्यायचा तो मासा लगेच मारून बर्फात, बाकीचा गळ काढल्याबरोबर पाण्यात. नदी, ओहोळ आणि धरणाच्या वरच्या अंगाला बसत असाल, तर मी बंदीच सुचवेन, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की त्या डोहावर न बसण्याचं गटाने आपसात ठरवून टाकावं.