सेंट्रीला स्वतःचा एचटीटीपी क्लायंट जोडल्यानंतरचे आठ महिने

आमची पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील प्रणाली एका सहकारी पतसंस्थेच्या सर्व्हरवर चालते. तेथून बाहेर जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट संस्थेच्या प्रॉक्सीमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधूनच जावी लागते आणि हा प्रॉक्सी क्लायंट सर्टिफिकेट (पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) दाखवल्याशिवाय कोणालाही पुढे सोडत नाही. एररची नोंद घेण्यासाठी आम्ही सेंट्री ही सेवा वापरतो; तिची पीएचपी लायब्ररी प्रत्येक एरर तिच्या सर्व्हरकडे पाठवते. प्रॉक्सी साधा असता, तर सेंट्रीच्या तयार पर्यायात त्याचा पत्ता भरून काम भागले असते. सर्टिफिकेटसाठी मात्र स्वतःचा एचटीटीपी क्लायंट, म्हणजे रिक्वेस्ट प्रत्यक्ष पाठवणारा कोड, लिहिण्याचा मार्ग आम्ही निवडला.

सेंट्रीच्या पीएचपी लायब्ररीच्या २०२३ च्या अखेरीस आलेल्या ४.० आवृत्तीपासून ही जोडणी सुटसुटीत झाली आहे. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत एचटीटीपीप्लग या वेगळ्या लायब्ररीच्या साखळीतील पॅकेजे सांभाळावी लागत. आता एकच इंटरफेस (क्लायंटने पाळायचा साचा) आणि त्यात एकच मेथड, म्हणजे फंक्शन आहे. ती रिक्वेस्ट आणि ऑप्शन्स घेते आणि रिस्पॉन्स परत देते. आम्ही आत रिक्वेस्ट पाठवणारी गझल (Guzzle) ही लायब्ररी वापरली (तिचा मतला-मक्त्याशी काही संबंध नाही) आणि चाळीसेक ओळींत काम संपले. चाचणीचा एरर डॅशबोर्डवर दिसला, तेव्हा मी तो विषय संपला असे धरून चाललो. ती माझी चूक होती.

पहिला धडा टाइमआउटचा, म्हणजे उत्तरासाठी किती वेळ थांबायचे याच्या मर्यादेचा होता. सेंट्रीचा मूळ क्लायंट जोडणीसाठी २ सेकंद आणि एकूण रिक्वेस्टसाठी ५ सेकंद थांबतो. हे आकडे ऑप्शन्समध्ये असतात खरे, परंतु ते पाळणे हे क्लायंटचे काम आहे आणि क्लायंट आता आमचा होता. मी ते वाचलेच नव्हते, आणि गझलचा मूळ टाइमआउट शून्य, म्हणजे अमर्याद असतो. एका दुपारी प्रॉक्सी अडकला आणि ज्या पानांवर एखादी किरकोळ वॉर्निंग नोंदवली जात होती, तेवढीच पाने लटकू लागली. चौथ्या आवृत्तीत इव्हेंट (नोंदवलेला एरर किंवा वॉर्निंग) त्याच प्रोसेसमध्ये, त्याच क्षणी पाठवला जातो, हे विसरून चालत नाही. लिनक्सवर पीएचपीची कमाल अंमलवेळेची मर्यादाही येथे मदतीला येत नाही, कारण नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ ती मोजत नाही.

दुसरी चूक अधिक आडवळणाची होती आणि ती उमगायला मला दोन महिने लागले. कोटा संपला की सेंट्रीचा सर्व्हर ४२९ हा कोड देतो आणि किती सेकंद, कोणत्या प्रकारचे इव्हेंट पाठवू नयेत, हे हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीत सांगतो. सेंट्रीचा ट्रान्सपोर्ट, म्हणजे क्लायंटला वापरून इव्हेंट पाठवणारा भाग, तो हेडर वाचून तेवढा वेळ स्वतःहून गप्प बसतो. गझल मात्र, वेगळे सांगितले नाही तर, ४०० आणि त्यापुढच्या कोडवर एक्सेप्शन फेकते, म्हणजे उत्तर देण्याऐवजी एरर उभा करते. ते एक्सेप्शन ट्रान्सपोर्ट झेलतो, ‘पाठवणे फसले’ अशी नोंद करतो आणि पुढे जातो. हेडर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वेब पानांवर हे कळलेच नसते, कारण तेथे रिक्वेस्ट संपली की ही मर्यादा मेमरीतून पुसली जाते. परंतु महिनाअखेरीच्या व्याज आकारणीचे काम एका दीर्घकाळ चालणाऱ्या वर्करमध्ये, म्हणजे पार्श्वभूमीवरील प्रोसेसमध्ये होते. त्या रात्री प्रत्येक खात्यामागे एकच वॉर्निंग येत होती, प्रत्येक वॉर्निंग प्रॉक्सी ओलांडून जात होती, प्रत्येकीला नकार मिळत होता आणि पुढच्या खात्याला पुन्हा तेच. पहाटेपूर्वी संपणारे काम सकाळी कार्यालय उघडले तरी चालूच होते. उपाय एका ओळीचा निघाला: एक्सेप्शन फेकण्याचा पर्याय बंद केला आणि आलेले हेडर जसेच्या तसे रिस्पॉन्समध्ये भरले.

आमच्या क्लायंटमध्ये अपयशाची नोंद मोनोलॉग या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत करणारी एक ओळही होती आणि मोनोलॉगचा हँडलर सेंट्रीकडे वळवलेला होता. म्हणजे पाठवणे फसले की त्याचा एरर, तो फसला की त्याचाही एरर. हे सुदैवाने चाचणीच्या सर्व्हरवरच लक्षात आले. आता क्लायंट अपयश थेट पीएचपीच्या एरर लॉगमध्ये लिहितो आणि स्टेटस शून्य असलेला रिस्पॉन्स परत देतो. सेंट्रीचा मूळ क्लायंटही जोडणी फसल्यावर असाच रिस्पॉन्स देतो.

या जोडणीचा ध्यानीमनी नसलेला फायदा टेस्ट लिहिताना झाला. टेस्टमध्ये आम्ही असा क्लायंट जोडतो, जो काहीही न पाठवता फक्त आलेला मजकूर साठवतो. सेंट्रीचे एन्व्हलप, म्हणजे इव्हेंट पाठवण्याचे पाकीट, हे ओळीओळीने मांडलेले जेसन असते: पहिल्या ओळीत इव्हेंटचा आयडी आणि पाठवण्याची वेळ, दुसरीत घटकाचा प्रकार, तिसरीत प्रत्यक्ष मजकूर. ही तिसरी ओळ तपासताना एका एक्सेप्शनच्या संदेशात सभासदाचा पॅन क्रमांक सापडला. तो आता पाठवण्यापूर्वीच गाळला जातो आणि त्यासाठीची टेस्ट प्रत्येक बदलासोबत चालते.

नुसत्या प्रॉक्सीसाठी हा खटाटोप कोणी करू नये, तयार पर्याय पुरेसा आहे. सर्व्हर अनेक असतील तर सेंट्रीचेच रिले (इव्हेंट गोळा करून पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) आपल्या जाळ्यात बसवावे. आमचा सर्व्हर एकच असल्याने आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सर्टिफिकेटची मुदत मात्र दरवर्षी संपते, आणि ती संपल्याचा एरर सेंट्रीवर अर्थातच दिसणार नाही. त्यामुळे त्या तारखेची आठवण मी कार्यालयाच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.