ॲपवर २८ लाख, हातात काहीच नाही

माझे थोरले दीर नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी मुदत ठेवीत ठेवले होते. त्यातले साडेनऊ लाख क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या, एका खोट्या ॲपवर गेले. भाऊजींना विचारूनच हे लिहितेय, कारण त्यांना ज्या ग्रुपमध्ये ओढलं तसल्या ग्रुपच्या लिंका आमच्या सिडकोतल्या व्हॉट्सॲपवर अजूनही येतात.

ग्रुपवर एक ‘मॅडम’ होत्या. सकाळी चांगल्या मराठीत सुप्रभात, तब्येतीची चौकशी, मग ‘आज काय घ्यायचं’ ते सांगायच्या. बाकीचे लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. ती माणसं कोण, होती तरी का, देव जाणे. ॲप प्ले स्टोअरवरून नाही, पाठवलेल्या लिंकवरून घ्यायला लावलं.

भाऊजी भोळे नाहीत. ॲपवरचा बिटकॉइनचा भाव ते टीव्हीवरच्या भावाशी ताडून बघायचे आणि तो जुळायचा. इथेच माणूस फसतो. भाव सगळ्या जगाला दिसतो, तो कुणीही आपल्या ॲपवर दाखवू शकतो. भाव खरा होता, खरेदी खोटी होती. भाऊजींच्या नावावर एक पैशाचंही चलन कधी घेतलं गेलं नव्हतं.

पैसे भरायचे ते ‘यूएसडीटी घ्यायला’ म्हणून. यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं आभासी चलन. दर वेळी खातं वेगळं, कधी कुणा कापड दुकानाच्या नावाचं, कधी ट्रॅव्हल्सवाल्याचं. असं का, म्हणून विचारलं तर म्हणे, हे आमचे अधिकृत विक्रेते.

आता ८,००० रुपयांची एक गोष्ट सांगते. सुरुवातीला भाऊजींनी थोडे पैसे काढून बघितले. दहा मिनिटांत ८,००० खात्यात जमा. ‘पैसे निघतात’ अशी खात्री पटली आणि त्यांनी ठेव मोडली. पुढे कळलं की ते ८,००० त्यांच्यासारख्याच दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे होते. त्या माणसानं आपल्या राज्यात तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि भाऊजींच्या खात्याला होल्ड लागला. पेन्शन त्याच खात्यात. गॅसचे पैसे द्यायला गेले तर व्यवहार होईना, तेव्हा बँकेत जाऊन समजलं. ज्याचे पैसे लुटले गेले त्याच्यावरच पैसे कुठून आले याचा खुलासा देत फिरायची वेळ आली. ही बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पैसे काढून पाहिले, मिळाले, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ॲपवर २८ लाख दिसायला लागल्यावर भाऊजींनी सगळे काढायला घेतले. तेव्हा मागणी आली की साडेअठरा लाखांच्या नफ्यावर ३० टक्के कर आधी भरा, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर. त्यासाठी ते जाऊबाईंकडे पाटल्या मागायला गेले आणि प्रकार घरात कळला. पाटल्या तेवढ्या वाचल्या.

हा ३० टक्क्यांचा आकडा खरा आहे, म्हणून तर माणूस विश्वास ठेवतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, वर सेस. पण तो आपण आयकर खात्याकडे भरायचा असतो. १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस व्यवहाराच्या रकमेतूनच कापला जातो. आपलेच पैसे सोडवायला ॲपवाल्याच्या खात्यात आगाऊ कर भरा, असा कुठलाही नियम नाही. असं कुणी म्हणालं की पुढचा रुपयाही देऊ नका.

‘सरकार कर घेतं म्हणजे मान्यता आहे,’ असंही भाऊजींना सांगितलं होतं. तेही खोटं. रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून या चलनांबद्दल लोकांना सावध करत आलीय. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, इथे तसं काही नाही. आणि खऱ्या बाजारातही धोका थोडा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० वर आला. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चलनं चोरीला गेली. निवृत्तीचा पैसा अशा ठिकाणी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

केबीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीनं लोकांना बुडवलं तेव्हा नाशिककरांनी खूप सोसलं. पण तेव्हा जाब विचारायला निदान ऑफिस तरी होतं. इथे मॅडमचा नंबर बंद झाला, ग्रुप उडाला, संपलं.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोवर बरेच दिवस गेले होते. शेवटच्या हप्त्यातले थोडे पैसे एका खात्यात अडकलेले सापडले, ते कोर्टाच्या आदेशानंतर मिळतील. बाकीचे पुढे कुठल्या कुठे गेले. तासाभरात फोन केला असता तर अजून बरेच अडवता आले असते, असं सायबर पोलिसांनी सांगितलं.

आणि आता ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा’ म्हणून भाऊजींना वेगळेच लोक फोन करतात. नाव, रक्कम, तारीख, सगळं त्यांना माहीत असतं. यादी तीच, टोळीही बहुधा तीच. तुमच्या घरात असं झालं असेल तर त्यांना उत्तर देऊ नका. ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक व्यवहाराला देते तो क्रमांक) आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन थेट सायबर पोलीस ठाण्यात जा, आणि खात्यात त्यांच्याकडून काही रक्कम आली असेल तर तीही तक्रारीत लिहा.