खिडकीची सीट, फाटक्या कानाची आई आणि केनियाची ग्रुप टूर

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला एक पूर्ण तारा कंपनीचा नाही, ड्रायव्हरचा आहे, हे आधीच सांगते.

मी कराडची. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मागच्या जुलैत आम्ही दोघं पुण्याच्या एका कंपनीबरोबर 7 रात्री 8 दिवसांची केनिया टूर करून आलो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रारीचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. सोयीच्या बाबतीत मात्र नावं ठेवायला जागा नाही. यलो फीवरची लस निदान 10 दिवस आधी टोचून घ्या, परत भारतात शिरताना तिचं पिवळं कार्ड विचारतात, हे त्यांनी महिनाभर आधीपासून तीनतीनदा बजावलं. बरोबर महाराज होते, रोज रात्री गरम वरणभात. लॉज स्वच्छ. छप्पर वर उचलता येणाऱ्या व्हॅन आणि "प्रत्येकाला खिडकी" अशी जाहिरात होती. आमच्या व्हॅनमध्ये माणसं सात आणि खिडक्या सहा. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

मला खरं तर एवढ्या सगळ्यात अंबोसेलीचं राष्ट्रीय उद्यानच हवं होतं. नैरोबीहून एमालीमार्गे चार-साडेचार तासांवर. लोक तिथे पुढे हत्ती आणि मागे किलिमांजारो असा फोटो काढायला जातात. मला व्हर्व्हेट माकडं पाहायची होती, स्वाहिलीत तुंबिली. बुकिंगच्या वेळी ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काकू, माकडं काय, महाबळेश्वरलाही असतात की!" असतात. पण 1977 पासून पुढे दहाएक वर्षं डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ हे माकडांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नवराबायको झुडपात लाउडस्पीकर लपवून बसत ते अंबोसेलीत, महाबळेश्वरात नाही.

माकडांच्या धोक्याच्या हाका टेप करायच्या आणि आसपास शत्रू नसताना वाजवायच्या. बिबट्याची हाक वाजली की माकडं झाडावर. गरुडाची वाजली की नजर आभाळात, नाहीतर थेट झुडपात. सापाची वाजली की दोन पायांवर उभं राहून गवत धुंडाळायचं. हे 1980 साली छापून आलं. मी वर्गात ते टाचा उंचावून करून दाखवायची आणि पोरं हसायची.

तर अंबोसेली. तिथे दोन रात्री. पहिल्या संध्याकाळी हत्ती भरपूर दिसले, पहाटे डोंगरही मोकळा दिसला. दुसऱ्या संध्याकाळची फेरी टूर मॅनेजरनी परस्पर रद्द केली आणि सगळ्यांना मण्यांच्या माळांच्या दुकानात नेलं. कार्यक्रमपत्रिकेत फेरी स्पष्ट छापलेली आहे. मी तिथल्या तिथे विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तेच ते प्राणी." माझी तक्रार ही आहे. पैशाचा प्रश्न नाही. तेच ते प्राणी पुन्हा पाहायलाच तर मी गेले होते.

आता ड्रायव्हर. पन्नाशीचा, लॉइटोकिटोककडचा, मोजकं बोलणारा. मी तुंबिली तुंबिली करते हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. निघायच्या सकाळी नाश्ता झाल्यावर बाकीचे बॅगा भरत होते. त्याने मला खूण केली आणि लॉजच्या स्वयंपाकघरामागे, पिवळ्या खोडांच्या बाभळींखाली एक खुर्ची आणून ठेवली. तिथे चाळीस मिनिटं बसले. टूरचे सगळे पैसे त्यातच वसूल.

काळं तोंड, राखाडी-हिरवट अंग. पाहताक्षणी आपल्या वानराचं धाकटं भावंड वाटतं, पण नात्याने हे आपल्या लालतोंड्या माकडाला जवळचं. गालात पिशव्या असतात. समोर एकजण शेंगा कोंबकोंबून गाल फुगवत होतं. दोन माद्या एकमेकींच्या उवा काढत बसल्या होत्या आणि जरा पलीकडे डावा कान फाटलेली तिसरी. इतक्यात पाण्याच्या टाकीमागे एक पिल्लू किंचाळलं. दिसत नव्हतं, नुसता आवाज. उवा काढणाऱ्या दोघींनी माना वळवल्या, पण टाकीकडे नाही, फाटक्या कानाच्या बाईकडे. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. दुसऱ्या क्षणी ती उठून टाकीमागे पळाली.

चेनी-सेफार्थनी हाच प्रयोग केला होता. पिल्लाची किंकाळी टेपवर वाजवली की त्याची आई स्पीकरकडे बघते आणि बाकीच्या माद्या त्या आईकडे, पुष्कळदा ती हलण्याआधीच. म्हणजे आपलं पोर ओळखणं वेगळं आणि शेजारणीचं पोर कोणतं हे ध्यानात असणं वेगळं. त्यांच्यात मुलगे वयात आले की टोळी सोडून जातात, मुली जन्मभर माहेरी. मुलीचा मान आईच्या खालोखाल. असल्या घरात हिशेब ठेवावेच लागतात.

आमच्या व्हॅनमध्येही ठेवले गेले. खिडकीवरून एका काकांचं मागच्या कुटुंबातल्या जावयाशी वाजलं. दुपारपर्यंत जावयाच्या मेहुणीने काकूंच्या हातापर्यंत चिवड्याचा डबा पोचू दिला नाही. काकूंनी बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं. व्हर्व्हेटमध्येही घरच्या माणसाचं कुणाशी भांडण झालं की त्या कुणाच्या नातलगाला दात दाखवले जाण्याची शक्यता वाढते. तिसऱ्या दिवशी आम्ही बावीसजण कोण कुणाचं कोण हे तोंडपाठ सांगू शकत होतो. जिराफाची मात्र कुणाला धड माहिती नव्हती.

माकडांचंही तसंच. अजगर नुकताच सरपटत गेल्याची खूण जमिनीवर दिसली तरी ती सावध होत नाहीत. चेनी-सेफार्थनी हरणाचं कलेवर, बिबट्या ठेवतो तसं, झाडाच्या फांदीवर ठेवून पाहिलं, म्हणजे बिबट्या इथेच कुठेतरी असणार, तरी ढिम्म. गणगोताची एवढी जाण आणि समोरचा माग वाचता येत नाही! माकडांचा मेंदू मुळात एकमेकांना सांभाळण्यासाठी वाढला, असा तर्क 1966 मध्ये माकडांच्या अभ्यासक ॲलिसन जॉली यांनी आणि 1976 मध्ये मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्री यांनी मांडला. उलट 2017 मध्ये माकडवर्गातल्या 140 हून जास्त जातींची तुलना झाली, तेव्हा मेंदूच्या आकाराचा संबंध टोळीच्या आकारापेक्षा आहाराशी जास्त लागला. महाराजांच्या रांगेत उभं राहून मला दोन्ही पटतं.

जाणार असाल तर बुकिंग करतानाच "व्हॅनमध्ये सहाच माणसं" हे लिहून घ्या आणि अंबोसेलीच्या दोन्ही संध्याकाळच्या फेऱ्याही. ड्रायव्हरला बक्षिसी स्वतःच्या हाताने द्या, आमच्या मॅनेजरनी सगळ्यांची मिळून एका पाकिटात गोळा केली होती. आणि नाश्त्याच्या टेबलावर साखरेच्या पुड्या उघड्यावर ठेवू नका. आमच्या ह्यांच्या बशीतल्या तीन गेल्या, चौथी त्यांनी वाचवली आणि नेलेल्या तिन्हींवर फाटक्या कानाची आणि तिचं पोर समोरच्या कठड्यावर बसून ताव मारत होती.